सोबतीची पिकं खरंच काम करतात का? परसबागेत जोडलागवड करण्याची नेमकी पद्धत

टोमॅटोत झेंडू लावला, तरी फळं किडली. कोबीभोवती मोहरी पेरली, तरी पानांची चाळण झाली. परसबाग करणाऱ्यांकडून ही तक्रार सतत ऐकू येते. खोलात जाऊन विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: जोडी बरोबर होती, तारीख चुकली होती. किंवा तारीखही बरोबर होती, पण लावल्यानंतर त्या सोबतीच्या झाडाकडे कुणी फिरकलंच नाही.

म्हणून आधी सरळ उत्तर देतो. सोबतीची पिकं, म्हणजे मुख्य पिकाच्या मदतीसाठी शेजारी लावलेली झाडं, काम करतात, पण ठरावीक जोड्या, ठरावीक कामापुरत्या, आणि वेळ साधली तरच. ‘मित्र पिकं, शत्रू पिकं’ असे जे तक्ते फिरत असतात त्यांत फक्त नावं असतात. कोणत्या किडीसाठी, किती रोपं, किती दिवस आधी, हे त्यांत नसतं. त्यातले कित्येक तर थंड देशांतल्या किडींसाठी केलेले असतात. तो तक्ता बाजूला ठेवा आणि खालच्या क्रमाने चला. तारखा महाराष्ट्रातल्या रब्बी हंगामाच्या धरल्या आहेत, कारण टोमॅटो, कोबी, फ्लॉवर घरी लावणारे बहुतेक जण पावसाळा सरल्यावरच सुरुवात करतात.

## १. आधी काम ठरवा, मग झाड

सोबतीच्या झाडाकडून आपण पाचांपैकी एक काम मागत असतो. कीड स्वतःकडे ओढून घेणं, म्हणजे सापळा. बाहेरून उडत येणाऱ्या किडीला आडोसा. मित्रकिडींना, म्हणजे पिकावरची कीड संपवणाऱ्या कीटकांना, खाद्य. मातीतलं काम, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी कमी करणं किंवा नत्र देणं. आणि पाचवं, रिकाम्या जागेचा वापर. यांपैकी कोणतं काम हवंय हे ठरलं नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

झेंडूचंच बघा. टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी उंच वाढणारा, मोठ्या पिवळ्या-केशरी फुलांचा आफ्रिकन झेंडू लागतो, तोही मोजका. सूत्रकृमींसाठी बुटका फ्रेंच झेंडू अधिक उपयोगाचा, आणि तो अख्खा वाफा भरून लावावा लागतो. मित्रकिडींसाठी दोन्हींतली गच्च पाकळ्यांची फुलं फारशी कामाची नाहीत, कारण त्यांत मध-पराग कमी आणि असतो तोही सहज हाती न लागणारा. तिथे एकेरी पाकळीचं फूल हवं. बाजारातून ‘झेंडू’ म्हणून एक ट्रे उचलून आणला आणि तिन्ही कामांची अपेक्षा ठेवली, तर एकही धड होत नाही.

कीड ओळखणंही याच टप्प्यात येतं. टोमॅटोच्या फळाला गोल भोक आणि अळीचं निम्मं अंग बाहेर, तर ती फळ पोखरणारी अळी, म्हणजेच हरभऱ्यावरची घाटेअळी. तिच्यासाठी झेंडूचा सापळा चालतो. पण पानावर कागदासारखे पातळ, वाळके चट्टे आणि फळाच्या देठाजवळ टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील, तर ती टुटा नावाची नागअळी. २०१४ मध्ये ती भारतात पहिल्यांदा नोंदली गेली. ती मुख्यतः टोमॅटो-बटाटा-वांग्याच्या कुळावर जगते, तिला झेंडूत रस नसतो. तिच्यासाठी कितीही झेंडू लावले तरी फुलंच मिळतील.

वासाबद्दल. उग्र वासाच्या झाडांनी कीड पळते ही समजूत फार पक्की बसली आहे. इंग्लंडमध्ये वेल्सबर्न इथे स्टॅन फिंच आणि रोझमेरी कोलियर यांनी कोबीवर्गातल्या मुळाच्या माशीवर आणि कांद्याच्या माशीवर काम केलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत वासाची झाडं ही बिनवासाच्या हिरव्या झाडांपेक्षा जास्त परिणामकारक ठरली नाहीत. माशी उतरते ती हिरव्या रंगावर. कोबीभोवती उघडी माती असेल तर ती नेमकी कोबीवरच उतरते, आजूबाजूला दुसरी हिरवी पानं असतील तर चुकीच्या पानांवर उतरत राहते आणि अंडी घालण्याआधीच बरेचदा निघून जाते. त्या माशा आपल्याकडच्या कोबीवरच्या नेहमीच्या शत्रू नव्हेत, म्हणून हा निष्कर्ष प्रत्येक किडीला लावता येणार नाही. पण ‘जितका वास उग्र तितका फायदा’ या हिशेबाने झाडं निवडू नका, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

## २. वाफा तपासा

लावण्यापूर्वी चार गोष्टी बघा. यातली एक जरी जुळली नाही तर जोडी बदला.

ऊन. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेकडून जातो. मका, उंच झेंडू, वेलांचा मांडव हे सगळं वाफ्याच्या उत्तर बाजूला घ्या. दक्षिणेला लावलं तर मुख्य पीक दिवसभर सावलीत राहतं, आणि सावलीने गेलेलं उत्पन्न कीड कमी झाल्याने भरून निघत नाही.

पाणी. दोन्ही पिकांची पाण्याची गरज शेवटपर्यंत जुळते का? टोमॅटोच्या सरीत कांदा-लसूण लावणारे बरेच असतात. सुरुवातीला छान दिसतं. पण कांदा-लसूण काढणीच्या आधी पाणी तोडावं लागतं, आणि नेमकं त्याच वेळी टोमॅटो फळांनी लगडलेला असतो. मग एकाला पाणी दिलं की दुसरा सडतो.

कूळ. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली. त्यांचे रोग सामाईक, म्हणून ती एकमेकांची सोबत होऊ शकत नाहीत. कूळ वेगळं असलं तरी कीड तीच असू शकते. भेंडी आणि वांगं घ्या, दोघांवर तुडतुडे, दोघांच्या मुळांवर सूत्रकृमी. काकडी आणि मिरची यांच्यात मोझॅकचा विषाणू मावा इकडून तिकडे नेतो. या जोड्या शेजारी ठेवू नका.

मुळं. मागच्या हंगामातली दोन-तीन झाडं हलक्या हाताने, माती मोकळी करून उपटा आणि मुळं धुऊन बघा. गाठी दिसल्या तर नखाने खरवडा. वाल, चवळी, मेथी यांच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी बाहेरून चिकटलेल्या असतात, नखाने सुटून येतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही, मूळ तुटतं. टोमॅटो, वांगं, भेंडी, काकडी यांच्या मुळांवर अशा सुजी असतील तर खालच्या सातव्या टप्प्यापासून सुरुवात करा. त्या वाफ्यात या हंगामात टोमॅटो लावूच नका.

## ३. तारखा उलट्या मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सापळा-पीक मुख्य पिकाच्या आधी तयार हवं, किंवा बरोबर त्याच वेळी फुलायला हवं. एकाच दिवशी दोन्ही बिया टाकल्या तर सापळा उशिरा तयार होतो आणि तोवर किडीने मुख्य पीक गाठलेलं असतं. म्हणून मुख्य पिकाच्या पुनर्लागणीची, म्हणजे रोप वाफ्यात लावण्याची, तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून मागे मोजत या. उदाहरणासाठी ती १६ ऑक्टोबर धरू.

टोमॅटो आणि झेंडू. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची शिफारस अशी: टोमॅटोच्या १६ ओळींमागे आफ्रिकन झेंडूची १ ओळ. लावताना टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं, झेंडूचं ४५ दिवसांचं. दोन्ही एकाच दिवशी लावायची, म्हणजे दोन्ही एकाच सुमारास फुलतात आणि घाटेअळीचा पतंग अंडी घालायला झेंडूच्या कळ्या पसंत करतो. यावरून झेंडूचं बी १ सप्टेंबरला, टोमॅटोचं २१ सप्टेंबरला. मधले वीस दिवस हाच या जोडीचा प्राण आहे.

झेंडूचं रोप ४५ दिवस लहान कपाच्या ट्रेमध्ये ठेवलं तर मुळं गुंडाळून रोप खुरटतं. साधारण तीन आठवड्यांनी ते पिशवीत हलवा. आणि शेंडा खुडू नका. फुलांसाठी झेंडू करणारे फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडा खुडतात, पण त्याने फुलोरा लांबतो. इथे आपल्याला भरघोस फुलं नको आहेत, वेळेवर आलेली कळी हवी आहे.

कोबी-फ्लॉवर आणि मोहरी. याच संस्थेची दुसरी शिफारस: कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. पहिली ओळ कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी, दुसरी कोबी लावल्यानंतर २५ दिवसांनी. म्हणजे पहिली १ ऑक्टोबरला, कोबी १६ ऑक्टोबरला, दुसरी मोहरी १० नोव्हेंबरला. चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि मावा मोहरीकडे ओढले जातात. दुसरी पेरणी जवळपास प्रत्येक जण विसरतो. पहिली मोहरी फुलून जून झाली की तिचं आकर्षण ओसरतं, आणि गड्डा भरायच्या ऐन वेळी पतंगाला कोबीशिवाय दुसरं काही उरत नाही. दुसऱ्या ओळीची जागा आधीच दोरी लावून मोकळी ठेवा, नाहीतर तिथे कोथिंबीर पेरली जाते.

मिरची आणि मका. मिरचीभोवती मक्याच्या दोन दाट ओळी, मिरची लावण्याच्या तीन आठवडे आधी पेरलेल्या. म्हणजे २५ सप्टेंबरच्या आसपास. हा आडोसा आहे, सापळा नव्हे. मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे सोंड खुपसतो, आणि सोंडेच्या टोकाला चिकटून आलेला मोझॅकसारखा विषाणू तिथेच गळतो. पांढरी माशी ज्या विषाणूने मिरचीची पानं गुंडाळते तो मात्र माशीच्या शरीरात राहतो, तो असा धुतला जात नाही. तिच्यापुरता मका फक्त ओघ कमी करतो. म्हणून रोपवाटिकेत मिरचीच्या रोपांवर ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी भोकं असलेली) नायलॉन जाळी पहिल्या दिवसापासून हवीच. लहान बागेत खरं तर ही जाळी मक्यापेक्षा जास्त काम करते. जागा कमी असेल तर मका सोडा, जाळी सोडू नका.

> तपासा: पुनर्लागणीच्या दिवशी झेंडू टोमॅटोपेक्षा स्पष्टपणे मोठा आहे का? मोहरीला चार-पाच खरी पानं आली आहेत का? मका गुडघ्याच्या आसपास पोचला आहे का? नसेल तर मुख्य पिकाची लागण आठवडाभर पुढे ढकला. सोबतीला पुढे ढकलून चालत नाही.

रोपवाटिकेतून फुललेला झेंडू विकत आणून वेळ भरून काढता येते, पण एका अटीवर: उंच जातीचा आणि कळीतला हवा. ट्रेमध्येच फुललेला वीतभर झेंडू बहुधा बुटक्या जातीचा असतो.

## ४. मांडणी

शेतातलं १६ ओळींना १ ओळ हे प्रमाण चार-पाच टोमॅटोंच्या वाफ्यात जसंच्या तसं बसत नाही. माझा आडाखा असा आहे: वीस-पंचवीस टोमॅटोंना तीन-चार झेंडू, तेही मधोमध नाही, वाफ्याच्या दोन्ही टोकांना. टोमॅटोपासून दीड फूट अंतर राखा. प्रत्येक टोमॅटोशेजारी एक झेंडू लावला की दोघं खत-पाण्यासाठी भांडतात, हवा खेळत नाही, आणि पानांवर करपा आधी येतो.

दहा-बारापेक्षा कमी झाडं असतील तर मी सापळा-पीक लावूच नका म्हणेन. एवढ्या झाडांवरची अंडी-अळ्या हाताने वेचणं जास्त सोपं आणि खात्रीचं असतं. गच्चीवर, कुंड्यांत तर हे नक्कीच. तिथे सोबतीची फुलं लावा, पण मित्रकिडींसाठी.

मोहरी कोबीच्या वाफ्याच्या कडेने सलग ओळीत पेरा, विखुरलेली नको. कोबीच्या रोपांमधली माती पहिला महिनाभर उघडीच असते, तिथे मेथी किंवा कोथिंबीर दाट पेरून पाच-सहा आठवड्यांच्या आत उपटून घ्या. हिरवं आच्छादनही होतं आणि भाजीही मिळते. त्यापुढे ठेवली तर ती कोबीच्या तोंडचं खत-पाणी खाते.

मक्यापासून मिरची दोन फूट लांब. दक्षिणेकडची ओळ लहान बागेत गाळलेली बरी.

पुदिना कुणाच्याही शेजारी जमिनीत लावू नका. तो धावऱ्यांनी वाफाभर पसरतो. कुंडीत लावून कुंडी वाफ्याजवळ ठेवा.

> सावधान: शेंगदाणा, मिरची यांच्या कडेने एरंड लावतात, कारण पानं खाणारी अळी त्याच्या मोठ्या पानांवर पुंजक्याने अंडी घालते आणि ते पान तोडून टाकता येतं. शेतात हे उत्तम आहे. पण एरंडाच्या बिया अतिशय विषारी असतात. घरात लहान मुलं किंवा पाळीव जनावरं असतील तर परसात एरंड लावू नये.

## ५. सापळा रिकामा करत राहा

लावलं की झालं असं समजणं ही दुसरी मोठी चूक. सापळा-पीक कीड मारत नाही, ती फक्त एका जागी गोळा करतं. गोळा झालेली कीड काढली नाही तर ती तिथेच वाढते, मातीत कोष करते, आणि पुढची पिढी शेजारच्या मुख्य पिकावर येते. न बघितलेला झेंडू हा अळीचा पाळणाच ठरतो.

झेंडूवर पहिली कळी दिसल्यापासून दर तीन-चार दिवसांनी, सकाळी, दहा मिनिटं द्या. अंडं खसखशीच्या दाण्याहून लहान, मळकट पांढरं, एकेकटं घातलेलं असतं. ते साध्या डोळ्यांना सापडेल अशी आशा धरू नका, अळीची खूण शोधा. कळीच्या बुडाशी बारीक भोक असतं आणि त्याच्या तोंडाशी ओलसर, काळपट विष्ठा. उमललेल्या फुलात एखाद्या बाजूच्या पाकळ्या चिकटून करपल्यासारख्या दिसतात. तिथे अंगठ्याने फूल फाकवलं की पाकळ्यांच्या बुंध्याशी अंग दडवून बसलेली अळी दिसते. रंगावर जाऊ नका, ती हिरवी, तपकिरी, कधी गुलाबीसरही असते. अंगाच्या दोन्ही बाजूंना लांबलचक फिकट पट्टा असतो. असं फूल तोडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. सुकलेली फुलंही काढत राहा म्हणजे नव्या कळ्या येतात.

मोहरीवर हात लावण्याआधी खाली ताट किंवा रुंद टोपलं धरा. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी जेमतेम एक सेंटिमीटर, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. स्पर्श होताच ती वळवळते आणि रेशमी धाग्याला लटकून खाली उतरते. ताट नसेल तर ती जमिनीवर पोचते आणि काम वाया जातं. माव्याने शेंडे भरले असतील तर तेवढे शेंडे कापून बादलीत बुडवा. थोडा मावा राहू द्या, त्यावर ढालकिडे (लेडीबर्ड) जगतात.

बादलीतलं रात्रभर भिजल्यानंतरच कंपोस्टमध्ये टाका. तोडलेली ताजी फुलं थेट ढिगावर टाकली तर अळ्या तिथेच कोषात जातात.

> सावधान, निंबोळी अर्क: निंबोळी अर्काने पतंग अंडी घालायला कचरतो. तो झेंडूवर किंवा मोहरीवर मारला तर पतंगाला आपणच सापळ्यावरून हाकलून मुख्य पिकाकडे पाठवतो. मारायचा तर टोमॅटोवर, कोबीवर मारा, सापळ्यावर नको. लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावा.

सापळ्यावर अळ्या हाताबाहेर गेल्या तर तिथे बीटी पावडर, म्हणजे अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूची भुकटी, वापरता येते. प्रमाण पाकिटावरचं पाळा, फवारणी संध्याकाळी करा, कारण उन्हात तिचा असर लवकर जातो. ती अळीच्या पोटात गेली तरच काम करते, म्हणून लहान अळ्या असताना मारा.

फेब्रुवारीनंतर ऊन तापलं की झेंडूवर लाल कोळी येतो. पानं फिकट, बारीक ठिपक्यांची दिसू लागतात, खालून बारीक जाळं असतं. हा कोळी टोमॅटोवर सहज जातो. तोवर झेंडूचं काम संपत आलेलं असतं, तेव्हा मोह न ठेवता झाड मुळापासून काढा.

मक्यावरही लक्ष हवं. कणसाला केस आले की घाटेअळी तिथेही येते, आणि २०१८ पासून आपल्याकडे अमेरिकन लष्करी अळीही पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, बसते. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की ते झाड काढा. आडोसाच किडीचा अड्डा होता कामा नये.

## ६. मित्रकिडींसाठी फुलं

हे काम सगळ्यात कमी जोखमीचं आणि लहान बागेलाही लागू पडणारं. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची छत्रीसारखी बारीक फुलं उघडी असतात. सिरफिड माशी आणि अळ्यांवर अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या यांचं तोंड तिथे पोचतं. सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण मोठी माशी मध-परागावर जगते. फूल नसेल तर ती थांबत नाही.

चूक एकच होते: कोथिंबीर आपण फुलण्याआधी कापून खातो. म्हणून खायची वेगळी पेरा आणि फुलायची वेगळी. फुलायच्या कोथिंबिरीची एक वीत रुंद पट्टी दर तीन आठवड्यांनी पेरत गेलात तर हंगामभर कुठे ना कुठे फूल राहतं.

वाफ्याच्या कडेला चवळीच्या चार-सहा वेली असू द्या. चवळीवर काळा मावा लवकर येतो, तो शेंगवर्गीय पिकांवरच जास्त रमतो, आणि त्याच्या मागोमाग ढालकिडे येतात. ढालकिड्याची अळी काळसर, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची असते आणि मोठ्या किड्यासारखी मुळीच दिसत नाही. तिला शत्रू समजून चिरडू नका. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः बागेत मदत करणाऱ्या मुलांना, ती आधी दाखवून ठेवा.

काकडी, भोपळा, कारलं यांना मधमाश्या हव्याच, त्यांच्याजवळ तुळस फुललेली असेल तर फायदा होतो. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा दिवसा येणाऱ्या मधमाशीचा तिथे भरवसा नाही. संध्याकाळी नर फुलाचा पराग हाताने लावा.

> तपासा: ही पट्टी लावल्यावर त्या परिसरात कोणतंही जहाल कीटकनाशक मारायचं नाही. आधी मित्रकिडींना बोलवायचं आणि मग फवारायचं, हे न बोलावण्यापेक्षा वाईट.

## ७. सूत्रकृमींसाठी झेंडू: याला अख्खा हंगाम लागतो

टोमॅटोशेजारी दोन झेंडू लावून सूत्रकृमी जात नाहीत. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याचा परिणाम मुळांच्या अगदी लगत होतो. म्हणून मुळं वाफ्याच्या प्रत्येक वितीत पोचली पाहिजेत आणि दोन-तीन महिने जिवंत राहिली पाहिजेत. झेंडूचा काढा करून ओतणं हा त्याला पर्याय नाही.

आपल्याकडे यासाठी पावसाळा सोयीचा. जुलैमध्ये अख्ख्या वाफ्यात फक्त झेंडू, वीतभर अंतरावर. मध्ये दुसरं काही नको, तणही नको, कारण बऱ्याच तणांच्या मुळांवर सूत्रकृमी जगतात आणि केलेलं काम तिथेच निसटतं. पाणी साचू नये म्हणून गादीवाफा करा. दसरा-दिवाळीची फुलं तोडून घ्या. मग झाडं बारीक करून मातीत मिसळा, पंधरा दिवस कुजू द्या, आणि नोव्हेंबरमध्ये टोमॅटो लावा. या क्रमात तोरणही होतं आणि वाफाही सुधारतो.

झेंडू सगळ्याच जातींच्या सूत्रकृमींना आवरत नाही, आणि परिणाम पुढच्या एका पिकापुरताच धरावा. त्या टोमॅटोनंतर लगेच भेंडी किंवा वांगं लावू नका.

## ८. शेंगवर्गीय सोबत

वाल, घेवडा, मेथी शेजारच्या पिकाला चालू हंगामातच भरपूर नत्र देतात हा समज सोडा. गाठींत तयार झालेलं बहुतेक नत्र ते झाड स्वतःच वापरतं. शेजाऱ्याला मिळतं ते मुख्यतः मुळं-पाला कुजल्यावर. म्हणून शेंगा संपल्या की झाड उपटू नका, जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या आणि पाला तिथेच पसरा. गाठ काम करते का हे बघायचं तर एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर नत्र तयार होतंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. शेणखताबरोबर युरियाही टाकत असाल तर गाठी कमीच येणार.

## ९. फरक पडला का, हे मोजा

फायदा झाला असं वाटणं आणि फायदा होणं यांत अंतर असतं. एका हंगामात कीड मुळातच कमी असते, आणि श्रेय झेंडूला जातं. जागा असेल तर एक वाफा सोबतीसह आणि एक सोबतीशिवाय करा, दोन्ही जितके लांब ठेवता येतील तितके ठेवा. पतंग उडून येतो, त्यामुळे एकाच वाफ्याचे दोन भाग करून केलेली तुलना फसवी असते. जात, लागणीची तारीख, खत, पाणी दोन्हीकडे तेच.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोन्ही वाफ्यांतली तीच पाच झाडं बघा. टोमॅटोत तोडलेल्या एकूण फळांपैकी किडलेली किती, हे वजनात लिहा. कोबीत पाच गड्ड्यांवर अळ्या किती, ते लिहा. सोबतीच्या झाडांनी घेतलेल्या जागेत किती टोमॅटो बसले असते, तेही हिशेबात धरा. किडलेली फळं थोडी कमी झाली पण एकूण टोमॅटोही घटले, तर ती जोडी तुमच्या बागेसाठी नाही.

दुसरा वाफा शक्य नसेल तर एका वर्षी सोबत, एका वर्षी नाही, असं करत नोंद ठेवा. वर्षावर्षातला फरक मोठा असतो, त्यामुळे दोन वर्षांत निर्णय घेऊ नका.

## १०. हंगाम आवरताना

मोहरीच्या शेंगा पिवळ्या पडण्याआधी झाडं काढा, नाहीतर पुढच्या वर्षी ती वाटेल तेव्हा, वाटेल तिथे उगवते आणि तारखांचं गणित बिघडतं. टोमॅटोचा वाफा रिकामा झाल्यावर माती वीतभर खोल उलथून उन्हात टाका, घाटेअळीचे तपकिरी, चकचकीत कोष वर येतात आणि पक्षी ते वेचतात.

पुढच्या वर्षीचं झेंडूचं बी सगळ्यात उंच आणि सगळ्यात आधी कळी धरलेल्या झाडाचं धरा. संकरित जातीचं बी आईसारखं येत नाही, आणि तोरणातल्या सुक्या फुलांतून उंच-बुटकं सगळंच उगवतं, म्हणून बी स्वतःच्या वाफ्यातल्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, जातीचंच असू द्या. पाकिटावर जातीच्या नावाआधी दोन गोष्टी लिहा: झाडाची उंची, आणि पेरणीपासून पहिल्या कळीपर्यंतचे दिवस. पुढच्या सप्टेंबरातली पेरणीची तारीख त्या आकड्यावरूनच काढायची आहे.